जुन्या अंगाची ओळख

"आणि नव्यातही उठला नाही तर?"

"कोण?" भुजंगबाबांनी विचारलं. ते मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

कौस्तुभनं मांडीकडे बोट दाखवलं. जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन तो नुसता बसला होता. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं, आणि याचे हातपाय गार.

तसा हा गडी मोठा हुशार. तीन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून मठात आला, पण इंजिनिअरपण काही फाटकाबाहेर ठेवून आला नव्हता. आठवड्यापूर्वीच पंगतीत छाती काढून म्हणाला होता, "तासाभराचं काम आहे. अशी सतरा मशीन जुन्यातून नव्यात हलवलीत मी." आता बोला!

लॅपटॉप वीस वर्षांचा. गुरू गिरजामायनं या मठात तीस वर्षं जे सांगितलं, ते शिष्य दामूअण्णांनी वह्यांवरून टाइप करून त्यात ठेवलेलं. माय गेली, अण्णा गेले, वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरलं ते एवढंच. अक्षरंही जुन्या पद्धतीची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसता चिन्हांचा चिवडा. टायपिंगचं ते सॉफ्टवेअर बनवणारे कधीच गाशा गुंडाळून गेले होते.

म्हणून कौस्तुभनं ठरवलं, नुसत्या फायली नकोत. अख्खा जुना कॉम्प्युटरच उचलून नव्याच्या पोटात ठेवायचा. नव्या पडद्यावर एक खिडकी, आणि खिडकीत जुनं सगळं जसंच्या तसं चालायला हवं.

पहिली प्रत काढली. खिडकीत निळा पडदा आला आणि तिथंच थिजला. ती पुसून दुसरी काढली, तेच; तीही पुसली. वर जुन्याची डिस्क आतून कटकट वाजायला लागली, तेव्हा मात्र गड्याचं धाबं दणाणलं.

"का उठत नाही रे?"

"तो त्याचं जुनं अंग, आतले जुने भाग, शोधतोय, बाबा. ते तिथं नसतं... म्हणून जागच्या जागी मरतो."

"मग?"

"निघायच्या आधी, जुन्यातच असताना, त्याला त्या अंगाची ओळख विसरायला लावायची. मग बंद करायचा. मग प्रत."

"लाव की."

"ओळख विसरला की जुन्यात परत उठेल याची खात्री नाही. नव्यात उठेल याचीही नाही. आणि डिस्क आता प्रत काढू देईल का..." त्यानं लॅपटॉपवर हात ठेवला. "मधल्या वेळात माय कुठंच नसेल, बाबा."

बाबांचा हात थांबला. सातव्या वर्षापासून ते मायच्या पायाशी बसलेले.

"भीती वाटते?"

"फार."

बाबांनी धोतराला हात पुसला आणि त्याचं मनगट धरलं.

"हे कापतंय ते मायसाठी?"

"हो."

बाबांनी मनगट सोडलं नाही.

"नाही," शेवटी कौस्तुभ म्हणाला. त्याचे कान तापले होते. "पंगतीत सगळे विचारतील, त्या सतराचं काय झालं म्हणून. त्याची भीती वाटते. हे फसलं तर मी इथं कोण म्हणून राहू?"

"सतरा खरी का रे?"

कौस्तुभनं लॅपटॉपचं झाकण उगाच चाचपलं.

"सांग की लेका."

"तीन."

"बरं," बाबा म्हणाले. "आता बंद कर."

कौस्तुभनं त्या अंगाची एकेक ओळख पुसली. मग बटण दाबलं. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर हळूहळू बसली आणि ओसरी एकदम शांत झाली.

डिस्क काढून त्यानं नव्याला जोडली. ती कटकटत राहिली, मधेच थांबली, परत कटकटली. दोन तास गेले. बाबांनी पायलीभर शेंगा फोडल्या.

मग खिडकी उघडली. काळी. डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती.

लुकलुकत राहिली.

कौस्तुभनं डोळे मिटले. तीन वर्षांत शंभरदा आरतीला उभा राहिला असेल, पण कोणाला दाखवायचं नसताना हात पहिल्यांदाच जोडले.

"डोळे उघड," बाबा म्हणाले.

खिडकीत दामूअण्णांचं पेरूचं झाड आलं होतं. त्यांनीच काढून पडद्यावर लावलेला फोटो. खाली कोपऱ्यात एक चिठ्ठी दिसली: नवीन भाग सापडले आहेत. कौस्तुभनं फाइल उघडली. मायचं बोलणं, काना-मात्रेसकट, ओळीनं उभं होतं.

तो हमसून रडायला लागला.

"उठला, बाबा! तोच आहे... अगदी तोच!"

बाबांनी टरफलं सुपात भरली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत जाता जाता म्हणाले,

"तोच असता तर उठला नसता."