राणीसाहेबांच्या वाडीतला तांब्या

राजे गंभीररावांच्या बागेचा आणखी एक तुकडा त्या सालच्या पुरात नदीत गेला. जाताना मोराच्या ठशाच्या विटांचा नवाकोरा घाटही घेऊन गेला. राजांनी पैलतीराकडे पाहिलं. तिथं आमच्या गावची वाळू दरसालासारखी हातभर पुढं सरकून ऐसपैस बसली होती. इकडचा काठ झिजतो, समोरचा वाढतो, मग चोर कोण? हुकूम सुटला. वाळूवाडीकरांनी बागेची माती संक्रांतीच्या आत कणन् कण परत आणून भरावी, नाहीतर गाव उठवावं.

या वाळूत टरबुजं आणि काकड्या लावूनच आमचं गाव जगतं. माती कुठली ओळखायची आणि ती भरायची कशी? भरली तरी पुढच्या पुरात राहणार होती थोडीच! पुरुषमंडळी पारावर बसली आणि बसूनच राहिली.

मी तेव्हा नवी नवरी. माझा आवाज त्या घरात मांजराशिवाय कुणी ऐकला नव्हता. तरी गावभर माझं नाव होतं, ते तांब्यामुळं. श्रावणात नव्या सुनेनं पैलतीरी जाऊन नदीची ओटी भरायची, अशी आमच्याकडं रीत. मीही राजांच्या घाटावर उभी राहिले, डोळे मिटले, हात जोडायला गेले आणि नारळ घट्ट धरून तांब्या नदीत सोडला! बाबांनी लग्नात दिलेला, जावयाचं नाव घातलेला पितळी तांब्या. नारळ घेऊन मी घरी आले.

तेव्हापासून पाहुणा आला की सासूबाई पेल्यातून पाणी देत आणि सांगत, "तांब्या होता हो आमच्याकडं. पण नदीला तहान लागली."

पूर ओसरल्यावर मी तो शोधायला लागले. राजांना हसायचा मला काही अधिकार नाही, कारण मीही आधी समोरच्या काठाला, आमच्याच वाळूत हात घातला होता. तांब्या तर नाहीच, विटेचा तुकडासुद्धा मिळाला नाही. सापडला तो भलतीकडंच. पण जिथं सापडला, तिथून उचलणं म्हणजे चोरी ठरली असती. मी गप्प बसले. तेवढं मला छान जमत होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी राजे स्वतः आमच्या वाळूत आले. बरोबर राणीसाहेब होत्या, शिपाई होते. राजांनी विचारलं, माती कुठाय? पाटलांनी घसा खाकरला आणि तिथंच थांबले. आमचे हे तर माझ्या मागं जाऊन उभे होते. मला पळायला जागाच उरली नाही, म्हणून मी बोलले.

"सरकार, ज्याच्या वाळूत तुमची माती निघेल, त्यानं काठ सोडायचा ना?"

"सोडायचा. मग तो कुणीही असो."

"कुणीही?"

"एकदा सांगितलं ना, पोरी!"

मग मी शिपायांना आमची वाळू खणायला सांगितलं. कमरेइतका खड्डा झाला, पण तांबड्या विटेचा कपचाही निघाला नाही. राजांच्या कपाळावर आठी पडली. मी म्हटलं, आता सरकारांनी होडीतून थोडं खाली, पुढच्या वळणापर्यंत यावं.

मागोमाग सासूबाईंसकट आम्हीही चढलो. होडी लागली ती पुन्हा राजांच्याच काठाला. मात्र इथं नदी दुसरीकडं वळते, त्यामुळं हा काठ वळणाच्या आतल्या अंगाला येतो. मऊशार वाळू, तीत राणीसाहेबांची टरबुजाची वाडी. यंदा वाडी दुपटीनं पसरली म्हणून राणीसाहेबांनी गावोगाव टरबुजं वाटायची ठरवली होती. शिपायानं पहिलाच घाव घातला आणि विटेचा तुकडा वर आला. त्यावर अर्धा मोर होता. पुढच्या घावाला उरलेला मोर निघाला.

"हे कसं झालं?" राजांनी विचारलं.

"वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी धावतं सरकार, आतल्या अंगाला दमतं. धावताना काठ खातं, दमलं की ओझं खाली ठेवतं. पण ते ओझं समोर नेऊन देत नाही. खाली वाहून नेतं आणि त्याच काठाला पुढं जिथं दमेल तिथं टाकतं. आमची वाळूसुद्धा अशीच वरच्या वळणावरून आली. तिथला आमचाच चिंचेचा बांध दरसाल ढासळतो."

"आणि हे तुला कुणी शिकवलं?"

मी वेलीखालून डोकावणाऱ्या पितळी काठाकडं बोट दाखवलं. शिपायानं तांब्या उपसला. पोचा आला होता, पण नाव शाबूत होतं.

"कुणाचं नाव आहे हे?"

झाली पंचाईत! नवऱ्याचं नाव असं चारचौघांत सरळ घ्यायचं कसं? सासूबाई बघत होत्या. मी पदर सारखा केला आणि उखाणाच घातला:

"एका वळणावर नदी खाते, पुढच्या वळणावर वाढते,
हैबतरावांचं नाव सरकारांच्याच वाळूतून काढते!"

हैबतराव माझ्या पाठीमागं आणखी बारीक झाले.

राजांनी हळूच राणीसाहेबांकडं पाहिलं. राणीसाहेब कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "संक्रांत उद्या आहे," त्या म्हणाल्या. "मी काठ सोडून माहेरी निघू, की सरकार टोपली धरतायत?"

राजे आधी गालात हसले, मग वाळूत बसून हसले. शिपायांनाही हसायची परवानगी मिळाली. तिथंच त्यांनी हुकूम मागं घेतला आणि जाहीर केलं, की आमच्या गावाजवळचं वळण जिकडं सरकेल तिकडं, त्याच्या पोटातली वाळू कायमची वाळूवाडीची.

मला त्यांनी चांदीचा तांब्या दिला. त्याच्या गळ्यात भक्कम साखळी अडकवून घेतली, आणि साखळीचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात दिलं.