अनवाणी फेरी

"लाकूड घालू, लोखंड घालू, का ॲल्युमिनियम? एवढं एकच सांगा मिस्त्री. मी लगेच जातो."

शहाजीनं उभ्या उभ्याच विचारलं. बसायला ओंडका पुढं केला होता, पण त्यावर धूळ होती आणि त्याची पँट इस्त्रीची होती.

बाबालाल मिस्त्री पटाशीला धार लावत होते. त्या पटाशीला आता काम नाही, तरी रोज सकाळी धार लागते.

शिरोलीच्या पुढं हायवेला मिस्त्रींची शेड आहे. ट्रकचे हौदे आणि ट्रेलरचे तळ इथं बनायचे. मी त्यांचा पेंटर. मागं मोर, पुढं गाडीचं नाव, हे सगळं माझ्या हातचं. आता आम्ही दोघं म्हातारे इथं चहा पितो आणि जाणाऱ्या गाड्या बघतो, एवढंच.

शहाजी मिस्त्रींचा सगळ्यात तयार चेला. आता एमआयडीसीत त्याचा स्वतःचा कारखाना आहे. गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर तो बांधतो. त्यांच्यावर नावं स्टिकरनं चिकटवतात, त्यामुळे त्याच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

"कुठल्या गाडीला?" मिस्त्रींनी विचारलं.

"ह्याच." त्यानं अंगणात लावलेल्या ट्रेलरकडं बोट केलं. "तळ बदलायचाय. दादा पडला त्यो ह्योच."

पटाशी थांबली...

दादा म्हणजे सर्जेराव, शहाजीचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर ड्रायव्हरकी करून त्यानं शहाजीला वाढवलं. त्याला लहानपणी बोटाला धरून या शेडीत आणून सोडलं, तेही सर्जेरावानंच. भावानं स्वतःचा कारखाना काढला तेव्हा त्याचा पहिला मोठा ट्रेलर चालवायला सर्जेरावच हट्टानं पुढं झाला. त्यावरून तो नवे ट्रॅक्टर पोचवायचा. यंदाच्या पावसात ट्रॅक्टर उतरवायला वर चढला आणि पाय घसरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं.

"काय म्हंतोय सर्जेराव?"

"बोलत न्हाई. एका घरात ऱ्हातोय आमी, मिस्त्री. ताट पुढं ठेवलं की तोंड फिरवतोय. एकदाच बोलला. तुज्या गाडीवर परत पाय ठेवणार न्हाई, म्हणाला."

शहाजीनं ट्रेलरकडं बघितलं.

"दिवाळीपतोर चालाय लागंल त्यो. त्यानं परत वर चढाय पायजे. म्हणून चांगल्यातलं चांगलं घालतो. फकस्त काय घालू ते सांगा."

"आता काय हाय तळाला?"

"लोखंडाची चेकर प्लेट. नवी कोरी बसवली हुती. पाय घसरू नये म्हणून तर तिला नक्षी असती की! माझ्या कामात खोट न्हाई, मिस्त्री. दादाचंच लक्ष नसंल."

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. उठून त्यांनी पाण्याच्या टाकीतून बादली भरली, ट्रेलरपाशी गेले आणि तळावर पाणी फेकलं. मग आणखी एक बादली.

"चाल."

शहाजी वर चढला. त्याच्या पायात कारखान्यातले जाड तळव्याचे बूट होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ताठ चालत गेला. मधे थांबून दोनदा पाय आपटून दाखवला.

"बघा! कुठं घसरतंय?"

"सर्जेराव बूट घालतोय?"

सर्जेराव केबिनच्या दाराशी चपला काढणारा माणूस. आमच्या भागातले कितीतरी जुने ड्रायव्हर तसेच. स्टिअरिंगला हार घालायचा आणि चपलेनं क्लच दाबायचा, हे त्यांच्या मनाला पटत नाही. घाटात असोत, पावसात असोत, गाडीवर आहेत तोवर ते अनवाणीच.

हे शहाजीला माहीत नव्हतं असं नाही. तो त्याच केबिनमध्ये खेळून मोठा झाला होता.

"बूट काढ," मिस्त्री म्हणाले.

त्यानं बूट काढून खाली टाकले आणि चालू लागला. मधल्या भागात ठीक गेला. मागच्या उताराजवळ, जिथं ट्रॅक्टर चढून-उतरून नक्षी झिजली होती आणि ऑइलनं पत्रा तुळतुळीत झाला होता, तिथं पाय सटकला आणि तो गुडघ्यांवर आपटला.

मी धावलो. मिस्त्रींनी हातानं मला थांबवलं.

शहाजी उठला नाही. ओल्या पत्र्यावरून तळहात फिरवत बसून राहिला. इस्त्रीची पँट पार भिजली.

"हितंच..." तो म्हणाला. "दादा हितंच पडला."

मला एकदम जुने दिवस आठवले. किंजळीच्या लाकडाच्या फळ्यांचा वास, जळकं ऑइल पिऊन काळ्याभोर झालेले तळ, आणि गाडी निघायच्या दिवशीची फेरी. ज्यानं तळ बसवला, त्यानं पाणी मारून त्यावर अनवाणी चालायचं. ड्रायव्हर खाली उभा राहून बघायचा. फेरी पुरी झाली की चालणाऱ्यानं ड्रायव्हरच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, आणि मगच मी ब्रश बुडवायचा. फेरीशिवाय मी कुठल्याही गाडीवर नाव लिहिलं नाही. काय दिवस होते ते! गूळ खाऊन खाऊन माझे दात गेले, पण एकाही ड्रायव्हरची तक्रार आली नाही.

"तुजी पैली फेरी आठवती?" मिस्त्रींनी विचारलं.

शहाजी ओल्या डोळ्यांनी हसला.

"पायात लाकडाची कूस गेली हुती. मी रडाय लागलो. दादानं मांडीवर पाय घिऊन पिनंनं काढली. आन् मग ती सगळी फळी तुमी मला परत रंधायला लावली."

"गूळ कुणी खाल्ला?"

"दादानं. निम्मा माझ्या तोंडात घातला."

हायवेवरून एक कंटेनर गेला.

"तुज्या कारखान्यात फेरी कोण मारतंय?"

"...कोण न्हाई. भार टाकून मशीनवर तपासतोय आमी."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यात राग नव्हता. असता तर शहाजीला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

शहाजी खाली उतरला. त्याची नजर शेडीच्या कोपऱ्यात गेली. तिथं ताडपत्रीखाली किंजळीच्या शेवटच्या फळ्या रचून ठेवल्या आहेत. कितीजणांनी मागितल्या, पण मिस्त्रींनी कुणाला दिल्या नाहीत. उन्हाळ्यात ते त्यांना अजून ऑइल पाजतात.

"कळलं मला," शहाजी घाईघाईनं म्हणाला. "चुकलंच माझं. लाकूडच घालतो. त्या फळ्या मला द्या, मिस्त्री. दादाचा पाय वळखीच्या लाकडावर पडंल."

मिस्त्री कोपऱ्यात गेले. ताडपत्री बाजूला करून वरच्या फळीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला... देतात आता, असं मलाही वाटलं, आणि खरं सांगतो, मला ते बघवणार नव्हतं.

"लोखंड घाल," ते म्हणाले.

"लोखंड?" शहाजी बघतच राहिला. "त्याच्यावरच तर घसरला दादा! आताच मी बी पडलो, तुमी बघितलं की! मग हे सगळं कशाला केलं?"

"चालून बघितलं न्हाई, तर लाकूड बी घसरतंय," मिस्त्री बोलले. मग मला म्हणाले, "पेंटर, गूळ हाय का रं डब्यात?"

मी खडा आणून दिला. त्यांनी तो कागदात बांधला आणि शहाजीच्या खिशात घातला.

शहाजी खिशावर हात ठेवून उभा राहिला. मग बूट घालायला खाली वाकला, पण मिस्त्रींनी त्याच्या आधी ते उचलले होते. त्यांनी ते फळ्यांच्या थप्पीवर ठेवले आणि वरून ताडपत्री ओढली.

"मिस्त्री... माझं बूट..."

"हितंच ऱ्हाऊ देत."