चंद्रा नावाची शेळी

जनावरं माणसांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. येसू कुंभाराच्या शेळीचं नाव चंद्रा होतं. सुताराच्या म्हशीचं नावही चंद्रा, गावाबाहेरच्या ओढ्याचं चंद्रा आणि शेजारच्या काकूंचंही चंद्राच. शेळीला याचा फार राग यायचा.

एके दिवशी ती म्हशीला म्हणाली, "तू दुसरं नाव घे. हे माझं आहे."

म्हैस रवंथ करत म्हणाली, "खुशाल घे, बाई. पण धार काढायला हाक मारतील, तेव्हा तू जाशील ना?"

शेळी फणकारून रानात गेली आणि ओढ्याकाठच्या बोरीच्या जाळीत शिंगं अडकवून बसली. दिवस कलला, लांडगे हिंडायची वेळ झाली. येसू "चंद्रा, ए चंद्रा" अशा हाका मारत आला. त्या ऐकून म्हैस आली, आणि हातात कोयता घेऊन सरपण तोडणाऱ्या चंद्राकाकूही आल्या.

"मला कशाला बोलावलंस रे, येसू?"

"तुम्हाला नाही, काकू. शेळी हरवलीय."

"आलेच आहे, तर शोधू."

म्हशीने जाळी रेटली, काकूंनी काटे तोडले आणि शेळी सुटली.

"हिचं नाव काय रे?" काकूंनी विचारलं.

येसूने तोंड उघडण्याआधीच शेळी म्हणाली, "चंद्रा, काकू. तुमचंच."