नाचऱ्या हाताचा मान

“नाही म्हणजे काय? देवीनं तुझा हात धरला, आणि तू तिलाच नाही म्हणतोस?” आळीचा पुढारी धमदेव भर पंगतीत ओरडला.

“देवीनं नाही धरला, मामा. पाऱ्यानं धरला,” बोधिसत्त्व म्हणाला.

“अरे, तुझ्या बापाचा हात नाचायला पंचावन्न वर्षं लागली. तुझा तिशीतच नाचला. दैव म्हणतात ते हेच! आणि तू त्याला लाथ मारतोस?”

हे भांडण जुंपले तेव्हा अश्मक देशात पोतन नगरीवर राजा धृतिसेन राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व त्या नगरीतल्या सोनपाण्याच्या आळीत एका कारागिराच्या घरी जन्माला आलेला होता. तांब्याच्या भांड्यांवर, मूर्तींवर, कळसांवर सोन्याचे पाणी चढवायचे, हा आळीचा धंदा. सोने आणि पारा खलात घोटून लोण्यासारखा गोळा करायचा, तो तांब्यावर चोळायचा आणि भांडे निखाऱ्यावर धरायचे. पारा उडून जातो, सोने तेवढे मागे राहते. पारा उडून जातो कुठे, हे कोणी विचारीत नसे. त्या धुराला वास नाही, तो भिंत काळी करीत नाही, डोळ्यांत पाणी आणीत नाही. चुलीचा धूर बिचारा निदान खोकला तरी आणतो. हा गुपचूप येतो आणि घरात राहतो.

बावीस घरे होती, आणि भट्टी प्रत्येकाच्या माजघरात. तिच्याशेजारीच चूल आणि पाळणा. आळीतली माणसे नगरभर भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती. हिरड्या सुजायच्या, चाळिशीत दात हलायचे. आणि पुरती वर्षे काम केले की कारागिराचा उजवा हात आपोआप थरथरू लागायचा. आळीत त्याला थरथर म्हणत नसत. “हात नाचला” म्हणत. भट्टीवरची देवी हाताला धरून नाचते, म्हणजे कसब पुरे झाले असे मानीत. मग पंगत घालून त्याला फेटा बांधीत आणि त्या दिवसापासून त्याला आचार्य म्हणत. आचार्याने भट्टीपाशी बसून नुसते सांगायचे आणि वाटणीत दुप्पट घ्यायचे. ज्यांचा हात नाचत नसे ते तरणे कारागीर मनातून झुरत.

आज फेटा बोधिसत्त्वाचा होता. पण उद्याचा दिवस त्याला दिसत होता. राजवाड्याच्या चौसष्ट कळसांचे काम आळीला मिळाले होते आणि उद्यापासून तीन महिने बावीसही भट्ट्या रात्रंदिवस पेटणार होत्या. त्याची दोन वर्षांची लेक भट्टीपासून हातभर अंतरावर निजत असे. आठ दिवस झाले, तिने धड अन्न घेतले नव्हते, आणि तिची इवली बोटे झोपेतही हलत होती. त्यांना नाच म्हणायला त्याची जीभ वळेना.

“भट्ट्या घरात पेटवायच्या नाहीत,” तो म्हणाला. “पूर्वेच्या माळावर न्यायच्या. वारा पश्चिमेचा असतो, धूर रानात जाईल.”

“माळावर छप्पर नाही, पाणी नाही,” धमदेव म्हणाला. “जागा तयार करण्यात महिना जाईल. तोवर दुसऱ्या नगरीचे कारागीर कळस घेऊन जातील. आणि हे कशापायी? तर तुला भास झाला म्हणून!”

“आळीच्या तोंडाशी वाणी बसतो. त्यानं कधी पारा घोटला नाही. त्याचा तराजू का हलतो, मामा?”

“मापात मारायची खोड आहे त्याला!” पंगतीतून कोणी ओरडले, आणि हशा पिकला.

बोधिसत्त्वही हसला. हसणे ओसरल्यावर म्हणाला, “आणि सीहक आजोबा? नाचता हात घेऊन लेकीच्या गावी गेले, आणि वर्षभरात हात थांबला. आपण काय म्हणालो? देवी रुसली. सगळी आळी हळहळली. म्हातारा बरा झाला, असं एकाच्या तरी मनात आलं का?”

आता कोणी हसले नाही. धमदेवाने आपला उजवा हात डाव्या हाताने धरला.

“वीस वर्षं ह्या हाताला लोक नमस्कार करतायत,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “तू म्हणतोस, हा रोग आहे. मग मी वीस वर्षं कशाचा मान घेतला रे?”

बोधिसत्त्व मामाजवळ जाऊन बसला. मामाचा हात धरूनच तो काम शिकला होता.

“कामाचा, मामा. काम तुमचंच होतं. ते कोणी काढून घेत नाही.”

पण मान गेलेल्या माणसाला समजूत पुरत नाही, त्याला राग लागतो. धमदेव उसळून म्हणाला, “उद्या भट्ट्या पेटणार. तुला नको असेल तर बायको-लेकरू घे आणि आळी सोड. अडवलंय कोणी?”

खरेच, अडवले कोणीच नव्हते. बैलगाडी जुंपली असती तर दिवस मावळायच्या आत लेक मोकळ्या हवेत गेली असती. बोधिसत्त्वाने आळीकडे पाहिले. एकवीस दारे उघडी होती आणि दारादारात पोरे उभी होती.

“मी एकटा जाणार नाही,” तो म्हणाला. “जाईन तर बावीस भट्ट्या घेऊन जाईन. नाहीतर इथंच, तुमच्या वाटेत आडवा पडेन.”

“पड!” धमदेव म्हणाला, आणि फेट्याचे ताट त्याने पायाने लोटले.

तेव्हा सामिका उठली. ही धमदेवाची बायको, बोधिसत्त्वाची मामी. हात पदराखाली घेऊन ती बायकांत बसलेली होती. कित्येक वर्षांत तिने पंगत वाढली नव्हती. मडकी फोडते म्हणून नवरा तिला धांदरट म्हणे आणि सुना वाढीत. ती पंगतीच्या मधून चालत नवऱ्यापुढे गेली, आणि पदराखालचे दोन्ही हात काढून तिने त्याच्यासमोर धरले. हात असे थरथरत होते की काकणे वाजत होती. मग ती एकच वाक्य बोलली. भांडण त्या वाक्यावर संपले, म्हणून ते शेवटी येईल.

दुसऱ्या दिवशी एकही भट्टी पेटली नाही. सगळ्यात आधी कुदळ घेऊन माळावर गेला तो धमदेव. बोधिसत्त्व राजाकडे गेला आणि उशीर का होणार ते त्याने सरळ सांगितले. राजा कष्टी झाला आणि निम्मे कळस त्याने दुसरीकडे दिले. आळीने त्या वर्षी पातळ पेज खाल्ली. माळावर नेले म्हणून विषाचे काही अमृत झाले नाही. वाऱ्याकडे पाठ करून, पाळ्या लावून काम करावे लागे. पण पाळणे धुरातून सुटले. बोधिसत्त्वाची लेक जेवू लागली. काही हात थांबले, काही थांबले नाहीत. फेटा पुन्हा कोणालाही बांधला गेला नाही.

विहारात आजारी भिक्षुणींच्या खिडकीखाली चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, रंगवायची चूल पेटवली होती, आणि “धुराची सवय होते” असे एक वृद्ध भिक्षू, स्थविर, म्हणत होता. त्या वेळी शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही आपल्या पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली. नंतर ते म्हणाले, “तेव्हाचा धमदेव म्हणजे आज हे म्हणणारा स्थविर थावरक. सामिका म्हणजे खिडकीत खोकत बसलेली भिक्षुणी विशोका. आळीतली माणसे म्हणजे तुमचीच परिषद, आणि तो कारागीर मीच होतो. यातला गुण प्रज्ञा. दुखण्याला मोठे नाव दिले तरी ते दुखणेच असते, हे ओळखणे आणि ओळखल्यावर एकट्याने पळून न जाणे. पण प्रज्ञेची पारमी, त्या गुणाची पूर्णता, माझ्या नावावर लागली तरी भांडण मी मिटवले नव्हते. त्या दिवशी सामिका आपल्या नवऱ्याला म्हणाली:

‘अहो, जन्मात मी सोन्याला बोट लावलं नाही, मग मी आचार्य कशी झाले?’”