दिवसा घेतलेलं माप

"अजून एक फळी कुठं बसेल, बाबा?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. इचलकरंजीत मागावर कामाला होतो. घर म्हणजे एक स्वयंपाकघर आणि आठ बाय नऊची झोपायची खोली. घरात माणसं दोन, आई आणि मी.

लतीफबाबा पूर्वी सुतार होते. आता पिराच्या दर्ग्यात झाडलोट करायचे. रंधा धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून माझं काम दाखवायला मी त्यांना घरी आणलं होतं.

फळबाजारातून सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणल्या होत्या. त्या घासल्या, एकावर एक ठोकल्या. दोन भिंती कमरेपर्यंत भरल्या. दारामागं खुंट्या, खाटेखाली चाकांचे खोके. एक वीतसुद्धा वाया घालवली नव्हती.

बाबांनी सगळं हात फिरवून पाहिलं.

"सफाई चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्या दाढीलाही एक कप्पा केलास का रे, बाळगोंडा?"

मी हसलो. छाती फुगली होती.

"माप कधी घेतलंस?"

"रविवारी दुपारी. खोली मोकळीच होती."

"मोकळी..."

बाबांनी खाटेकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "खाटेवर कोण झोपतं?"

"मी. दिवसभर मागावर उभा असतो ना. आईनंच तसं ठरवलंय."

"आणि आक्का?"

"खाली. गोधडी टाकून."

"कुठं खाली?"

मी बोट दाखवायला हात उचलला... तो तसाच राहिला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घाईनं म्हणाली, "मला पुरतं हो, बाबा. म्हाताऱ्या माणसाला जागा कितीशी लागते? चांगलं केलंय त्यानं. डबे सापडतात आता."

"आक्का," बाबा म्हणाले, "जरा वळकटी सोडता?"

"आत्ता? भरदिवसा?"

"आत्ता."

आईनं कोपऱ्यातली वळकटी काढली. खाट आणि पेट्या यांच्यामधल्या बोळात ती गोधडी अंथरू लागली. गोधडी पायाकडच्या पेट्यांना जाऊन टेकली. पायाकडचा हातभर भाग उरला.

आईनं तो आत दुमडला. वरून हात फिरवला, सारखा केला. न बघता. रोजचं काम असल्यासारखं.

मग तिच्या लक्षात आलं, आम्ही दोघं पाहतोय. तिनं हात मागं घेतला.

पेट्या ठोकल्यापासून अठरा रात्री मी तिच्यापासून हातभर अंतरावर, वर खाटेवर, पाय ताणून झोपलो होतो. सकाळी ती गुडघे चोळत चहा ठेवायची. मी तिला म्हणायचो, "आई, तेल लावत जा."

मला वर बघवेना. मी त्या दुमडीकडंच बघत राहिलो.

"आई..." मी म्हणालो.

"अरे, त्यात काय एवढं," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

मी खिळे उपटायला पक्कड घेतली आणि पहिल्या पेटीला लावली.

बाबांनी माझा हात धरला. पक्कड काढून घेतली. खाली बसून गोधडीची दुमड त्यांनी उलगडली. ते टोक पेटीवर चढून उभं राहिलं.

मग खिशातली जुनी टेप त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"हं. आता घे माप."