गुलाबी रेझरचं ब्लेड

बऱ्याच वर्षांमागची गोष्ट. खांबेटेबाईंना बायकांचे जुने रेझर जमवायचा भारी नाद होता. त्यांच्या काचेच्या कपाटात एक चिमुकला गुलाबी रेझर राहायचा. त्याला साधं ब्लेड बसत नसे आणि त्याच्या मापाची ब्लेडं तर कधीच बंद झाली होती. "नुसतं शोभेचं जिणं! एकदा तरी कामाला लावा की," असा तो रोज कावायचा.

बाईंनी जुने बाजार पालथे घातले, न्हाव्यांच्या पेट्या उपसल्या. अखेर एका कटलरीच्या दुकानात, माळ्यावर, त्या मापाच्या ब्लेडचं पाकीट सापडलं. रेझर हरखला. आतून ब्लेडही ओरडलं, "लवकर फोडा हो, जीव गुदमरतोय माझा!"

बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "अगबाई, सील शाबूत आहे! आता हे फोडायचं नाही हं," म्हणत त्यांनी ते रेझरशेजारी मांडलं आणि कपाटाला कुलूप घातलं.

"अहो बाई, मग शोधलंत कशाला?" रेझर काचेआडून किंचाळला.

बाईंना कुठलं ऐकू जायला! त्या न्हाणीघरात प्लास्टिकच्या नव्याकोऱ्या रेझरनं पाय साफ करत होत्या. पोटरीला कापलं तशा त्या करवादल्या, "मेलं हल्लीचं हे! जुन्याची सर नाही कशाला."