ओहोळाजवळ राहिलेले पान

एकदा एक वृद्ध पाळक आपल्या मंडळीतल्या तरुणांना घेऊन डोंगर चढायला निघाले. नाताळ नुकताच होऊन गेला होता. गवत वाळून पिवळे पडले होते आणि हवेत गारठा होता. दर वर्षी याच दिवसांत तरुण संघ त्या डोंगरावर जाई. माथ्यावर सपाटी होती, पाण्याचे जुने टाके होते. तिथे बसून पवित्र शास्त्राचा पाठ वाचायचा, गाणी म्हणायची, नाताळचा उरलेला फराळ खायचा आणि खाली उतरायचे. आणखी एक रीत होती. माथ्यावर पहिले पाऊल ज्याचे पडेल, त्याने पाठ वाचायचा.

ते पाऊल बहुतेक वर्षी आमोसचे असे. आमोस हा पाळकांचा लाडका शिष्य. अंगाने काटक, आवाज खणखणीत, वचने तोंडपाठ. त्याच्यात खोट एकच होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नव्हती.

पाळकांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असे. तरुणांना एकत्र बोलवायचे, वाट चुकलेल्याला दिशा द्यायची, ती या शिट्टीने. त्या दिवशी पायथ्याच्या गावात चहा पिताना ते म्हणाले, "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. पुढच्या वर्षी मी नसेन. आज संध्याकाळी ही शिट्टी तुमच्यातल्या एकाला देईन. संघ त्याने सांभाळायचा."

सगळ्यांनी आमोसकडे पाहिले. आमोसने चहाच्या कपात पाहिले. ही शिट्टी त्याला लहानपणापासून हवी होती.

मग पाळकांनी एक विचित्र गोष्ट केली. सगळ्यांचे मोबाइल आणि पवित्र शास्त्राच्या प्रती गोळा करून गावातल्या एका घरी ठेवल्या. "आज डोळे डोंगराकडे असू द्या," म्हणाले. नंतर स्वतःची जुनी प्रत काढली. तिची शिवण कधीच सुटली होती, पाने फडक्यात बांधून ठेवावी लागत. दावीद राजा होण्यापूर्वी रानोमाळ भटकत होता, तेवढ्या भागाची पाने त्यांनी बाजूला घेतली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवले.

"बाबा, हे काय?" तीमथीने विचारले. तीमथी संघातला बडबड्या. "पानं वाटताय, जेवायला बसायचंय का?"

"वर गेल्यावर जोडून वाचा," पाळक म्हणाले. "पाठ पुरा झाल्याशिवाय आमेन म्हणायचे नाही."

आमोसला पहिले पान मिळाले. शेवटचे कुणाकडे गेले ते त्याने पाहिले नाही. पहिले आपल्याकडे आहे, एवढे त्याला पुरे होते.

चढण सुरू झाली. आमोस पुढे, बाकीचे मागे, आणि तरुणांत सर्वांत मागे शुलमीत. ती संघात नवी होती. तिच्या वडिलांची बेकरी होती, आणि त्या बेकरीची साक्ष आपण अंगावर वागवतो, असे ती स्वतःच हसत सांगे. नवे बूट घालून आली होती. अर्ध्या वाटेत ओहोळ लागला तेव्हा तिच्या टाचेला मोठा फोड आला होता. ती दगडावर बसली आणि बूट काढून पाण्यात पाय सोडून म्हणाली, "आता मला क्रेन आणली तरी उठवणार नाही."

पाळकही शेजारच्या खडकावर टेकले. "मीही जरा बसतो," म्हणाले.

आमोसने सूर्याकडे पाहिले. असे रखडत गेलो तर पाठ व्हायला दुपार होईल. सगळ्यांना वेळेत वर नेले, पाठ नीट पार पाडला, की शिट्टी आपली, असा त्याचा हिशेब होता. त्याने चटकन ठरवले.

"सॅका इथंच ठेवा. मोकळ्या अंगानं चढू. पाठ वाचून लगेच खाली येऊ आणि इथं पाण्याजवळच खाऊ. शुलमीत, तू सामानाजवळ बस. बाबा आहेतच सोबतीला."

"बसते की," शुलमीत म्हणाली. "तुमच्या सॅकांना गोष्टी सांगते. त्या तरी मधेच उठून जाणार नाहीत."

सगळे हसले आणि निघाले. वळणावर पोचतात तोच मागून तिची हाक आली, "अरे आमोस, थांब, माझं…" पुढचे शब्द ऐकू आले नाहीत. करते आहे काहीतरी थट्टा, असे आमोसला वाटले. त्याने मागे न पाहताच हात वर केला आणि पाऊल उचलले.

मोकळ्या अंगाने चढण झपाट्याने सरली. माथ्यावर पहिले पाऊल आमोसचेच पडले. वर वारा भरभरून वाहत होता. खाली धरणाचे पाणी चकाकत होते. टाक्याभोवती सगळे गोल बसले, एक गाणे झाले, आणि आमोसने पहिले पान वाचायला घेतले. पुढची पाने एकेकाकडून त्याच्या हातात येत गेली.

गोष्ट रंगत गेली. दावीद आपल्या माणसांसह परत येतो तो गाव जळून खाक झालेले. शत्रूने बायकापोरे पळवून नेलेली. माणसे रडून रडून थकली, तरी उठून पाठलागाला निघाली. वाटेत ओहोळ लागला. तिथे काही जणांच्या अंगातले त्राण संपले. ते पलीकडे जाऊ शकले नाहीत. ते सामानाजवळ थांबले, बाकीचे पुढे गेले, लढले, बायकापोरे सोडवली, शत्रूची लूट घेऊन परत ओहोळापाशी आले. आता थकलेल्यांना लुटीतला वाटा द्यायचा की नाही, इथवर गोष्ट आली आणि पान संपले.

"पुढचं कुणाकडे आहे?" आमोसने विचारले.

कुणाकडेच नव्हते. सगळ्यांनी खिसे चाचपले. तीमथीने टोपीसुद्धा उलटी करून पाहिली.

"दावीदची मला गोफणीची गोष्ट तेवढी माहीत," तो म्हणाला. "ही कुणी सांगितलीच नाही. काय म्हणाला असेल रे तो?"

आमोस घोटाळला. ही गोष्ट त्यालाही पाठ नव्हती. पण सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि पुढाऱ्याने गप्प राहू नये, असे त्याला वाटले. तो ठाम आवाजात म्हणाला, "उघड आहे. आपापली बायकापोरं घ्या आणि जा, म्हणाला असेल. लढले त्यांची लूट. जे बसून राहिले त्यांना वाटा कशाचा? आपण प्रार्थना करू."

त्याने प्रार्थना केली. पण शेवटी आमेन म्हणण्याची वेळ आली तेव्हा कुणाचे तोंड उघडेना.

"बाबांनी सांगितलंय," तीमथी हळूच म्हणाला. "पाठ पुरा व्हायला हवा. आणि दादा, खरं सांगू का? भूकही लागलीय. करंज्या खाली आहेत."

तेव्हा कुठे आमोसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. करंज्या खाली होत्या. सामान खाली होते. ते पानही खालीच होते.

ते उतरून ओहोळापाशी आले. तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता. सॅका सावलीला नीट रांगेने लावल्या होत्या. रिकाम्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. शुलमीतच्या टाचेला फडके बांधलेले होते, आणि पाळक कधी नव्हे ते मोठ्याने हसत होते.

"आलात? बसा," शुलमीत म्हणाली. "माकडं आली होती. एकही सॅक उघडू दिली नाही मी. बाबांनी दगड वेचून दिले, नेम माझा."

आमोस म्हणाला, "शेवटचं पान तुझ्याकडे आहे."

"तेच तर ओरडून सांगत होते. मी हाक मारली होती."

"ऐकू आली होती," आमोस म्हणाला. एवढे तीन शब्द बोलायला त्याला बराच वेळ लागला.

तिने ओढणीच्या गाठीतून पान काढून लगेच पुढे केले. "घे. मी नाही वाचलं. पाठ वर वाचायची रीत आहे म्हणालात ना. जाऊन वाचा, मी आहे इथं सामानाजवळ."

आमोसने उभ्या उभ्या पान वाचले. वर माथ्यावर तो जे बोलला होता, ते त्या पानावर जवळजवळ तसेच लिहिलेले होते. फक्त ते दावीदच्या तोंडी नव्हते. दावीदबरोबर गेलेल्यांतली जी नीच आणि हलक्या मनाची माणसे होती, त्यांच्या तोंडी होते. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने पुढच्या ओळी वाचल्या, पान घडी करून शुलमीतच्या हातात परत दिले आणि म्हणाला, "हे तू वाच. वरती."

"मी? मी वर पोचेपर्यंत पुढचा नाताळ येईल."

"येऊ दे. माझ्या चपला घाल, टाचेला लागणार नाहीत. मी अनवाणी सर्वांच्या मागून येतो, मला सवय आहे. तू पुढं चाल. तुझ्या पावलानं सगळे चालतील."

"शिट्टी मिळावी म्हणून बोलतोयस का हे?" तिने विचारले.

"शिट्टी मला नको," आमोस म्हणाला. "मी तिच्या लायक नाही. मी मागं पाहिलंच नाही."

तेव्हा पाळक उठले. चहाचा पेला खाली ठेवून त्यांनी विचारले, "आमोस, इतकी वर्षे तू माझ्याबरोबर हा डोंगर चढलास. शिट्टी घेऊन मी कुठे चालत असे?"

आमोस आठवू लागला. पुढे वाट आठवली, वारा आठवला, माथा आठवला. पाळक कुठे होते ते काही आठवेना.

"तुला दिसलो नाही, कारण मी सर्वांच्या मागे होतो," पाळक म्हणाले. "पुढे जाणाऱ्याला शिट्टी कशाला हवी? त्याला वाट दिसतेच. जो शेवटच्या माणसाच्या मागे चालतो, त्यालाच कळते कोण थकले, कोण बसले. म्हणूनच आज पाने वाटताना शेवटचे पान मी दमणाऱ्याच्या हाती दिले. त्याला सोडून गेलात तर वचन अर्धेच राहते. चुकल्यावर तू परत आलास आणि स्वतःहून मागची जागा मागितलीस. त्या जागेवरच ही शिट्टी शोभते." असे म्हणून त्यांनी शिट्टी काढून आमोसच्या गळ्यात घातली.

चहा पिऊन सगळे पुन्हा निघाले. या वेळी सामान सर्वांच्या पाठीवर होते. शुलमीत सर्वांत पुढे, आमोसच्या मोठ्या चपला फटफट वाजवत. दमली की ती थांबे, आणि ती थांबली की सगळे थांबत आणि एक गाणे म्हणत. चढणीवरची गाणी त्या डोंगराने पूर्वी ऐकली नव्हती, कारण पूर्वी चढताना कुणाला गाण्याइतका दम उरत नसे. "ताई, अशीच दमत राहा," तीमथी म्हणाला, "अजून दोन गाणी बाकी आहेत."

आमोस सर्वांच्या मागे पाळकांचा हात धरून चालत होता. समोर सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. कुणाच्या सॅकचा पट्टा सुटला आहे, कुणाचा पाय लचकतो आहे, हे त्याला दिसत होते. इतक्या वर्षांत त्याने या डोंगरावर माणसे प्रथमच पाहिली.

माथ्यावर पहिले पाऊल शुलमीतचे पडले. रीतीप्रमाणे पाठ तिने वाचायचा होता. पण तिने पान उघडले नाही. टाक्याच्या कठड्यावर बसून ती वाटेकडे पाहत राहिली. पाळक आले. त्यांच्या मागून अनवाणी पायांनी आमोस आला आणि बसला. मग तिने पान उघडले, आणि दावीदने दिलेला निवाडा वाचला: जो लढाईला उतरला त्याला जितका वाटा, तितकाच सामानाजवळ राहिला त्यालाही.

मग आमोसने करंज्यांचा डबा उघडला, शुलमीतपुढे धरला आणि मोठ्याने म्हणाला, "आमेन." त्याच्यामागून सगळ्यांनी म्हटले.

आपण कुठवर चढलो हे सांगण्याआधी माणसाने एकदा मोजावे, आपल्या मागून कोण यायचे राहिले आहे.